आजीला गोरी करू नका

माझी आजी काळी होती. हे वाक्य आमच्या घरात आजही कुणी सरळ म्हणत नाही. ‘जराशी सावळी’, ‘उन्हातानात राबलेली’, ‘नाकीडोळी नीटस’ अशी वळणं घेत लोक तिच्या रंगापर्यंत येतात आणि तिथूनच परत फिरतात. पण ती काळी होती, वावरात निंदण करून करून आणखी काळी झाली होती, आणि तिचे तीनच फोटो शिल्लक आहेत. त्यातल्या एकमेव कलर फोटोची डिजिटल कॉपी आमच्या फॅमिली ग्रुपवर फिरत असते. त्या कॉपीत आजी गव्हाळसुद्धा नाही, चक्क गुलाबी आहे.

ही कॉपी काकांनी अमरावतीतल्या एका दुकानातून ‘रिस्टोअर’ करून आणली. दुकानदाराने मुद्दाम काही केलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, “ऑटो मारलं की असंच येते भाऊ. चांगलंच तं दिसून रायलं.” त्या माणसाशी माझं भांडण नाही. रांगेत चाळीस फोटो पडलेले असताना तो आणखी काय करणार? माझं भांडण ‘ऑटो’शी आहे, आणि त्याहून जास्त ‘चांगलंच तं दिसून रायलं’शी आहे.

कारण ग्रुपवरच्या बत्तीस जणांसाठी आता तीच आजी आहे. आमच्या घरातली लहान मुलं मूळ फोटो कधी बघणार नाहीत. त्यांच्या लेखी खापरपणजीपर्यंत सगळं घराणं गोरं, आणि आपणच काय ते मध्येच काळे निघालो.

रंगाचं काम अंदाजाने केलं तर थोडं इकडे-तिकडे होतं, एवढंच लोक धरून चालतात. तसं असतं तर मी काही बोललो नसतो. पण अंदाज दोन्ही बाजूंना सारखा चुकत नाही. तो एकाच बाजूला चुकतो, गोरेपणाकडे. आणि ते टाळायला लाखाची यंत्रं लागत नाहीत. घरचा स्कॅनर, घरचा मॉनिटर, एक छापील कार्ड आणि फुकट मिळणारं सॉफ्टवेअर एवढ्यात बहुतेक काम होतं. ते न करण्याला आता ‘परवडत नाही’ हे कारण उरलेलं नाही.

आधी हे ‘ऑटो’ काय करतं ते बघू. त्यात जादू नाही, दोन-तीन गृहीतकं आहेत. पहिलं असं की चित्रातला सगळ्यात उजळ बिंदू पांढरा असणार आणि सगळ्यात गडद बिंदू काळा असणार. मग मधलं सगळं त्या दोन टोकांत ताणून बसवायचं. दुसरं असं की चित्रातले सगळे रंग एकत्र कालवले तर साधारण राखाडी यायला हवा. नाही आला तर काहीतरी बिघडलंय, ते उलट्या रंगाने भरून काढायचं. कॅमेऱ्याचं प्रकाशमापकसुद्धा असंच मध्यम राखाडी गृहीत धरून चालतं. डोंगर, आकाश, झाडं, रस्ता असा फोटो असेल तर हे बऱ्यापैकी जमतं. आता फोटोत एक काळी बाई बसवा, तिला गडद हिरवं लुगडं नेसवा, मागे शेणाने सारवलेली भिंत ठेवा. सरासरी काढली की यंत्राला वाटतं, चित्र फार अंधारं आहे आणि फार तपकिरी आहे. ते उजेड वाढवतं आणि तपकिरीच्या विरुद्धचा निळा ओततं. बाई आधी उजळ होते, मग राखेसारखी दिसते. ‘स्किन टोन’ नावाची आणखी एक पट्टी असते, ती त्या राखेवर गुलाबी चढवते. कुणाच्याही मनात काळ्या माणसांविषयी काही वाईट नसताना हे घडतं.

मात्र गृहीतकं आभाळातून पडत नाहीत. १९५० च्या दशकापासून कोडॅक कंपनी फोटो लॅबना एक नमुना प्रिंट पाठवायची. त्यावर एक गोरी तरुणी असे. तिला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. लॅबमधला माणूस त्या शर्लीची कातडी नीट दिसेपर्यंत यंत्राचे रंग जुळवायचा, आणि मग गावातल्या सगळ्यांचे फोटो त्याच जुळणीवर छापायचा. कॅनडातल्या अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी या प्रकरणावर सविस्तर लिहिलंय. त्यात सगळ्यात झोंबणारा भाग हा, की गडद तपकिरी छटा फिल्मवर नीट येत नाहीत अशी ज्यांची तक्रार कंपनीने मनावर घेतली, त्यांत लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणारे होते. काळ्या पोरांच्या आयांना तेवढं वजन नव्हतं. फोन कंपन्यांना हे जाहीरपणे मान्य करायला पुढची कितीतरी वर्षं लागली. गूगलने ‘रिअल टोन’ नावाने गडद कातडीसाठी कॅमेरा सुधारल्याचं सांगितलं ते २०२१ मध्ये, पिक्सेल ६ च्या वेळी.

म्हणजे प्रमाण तेव्हाही होतंच. ते आपलं नव्हतं इतकंच. प्रमाण न वापरता रंग जुळवणं अशी काही गोष्ट अस्तित्वात नाही. तुम्ही स्वतःचं प्रमाण समोर ठेवलं नाहीत तर दुसऱ्या कुणाचं तरी आत बसलेलंच असतं.

इथे आमचे मित्र म्हणतात, “जाऊ दे ना बे, कोन पाह्यते?” आणि जरा शिकलेले असतील तर पुढचा मुद्दा काढतात, तो मात्र दमदार आहे. प्रत्येकाच्या फोनचा रंग वेगळा. तू घरी बसून कितीही जुळव, शेवटी आत्याच्या फोनवर ‘व्हिविड’ मोड चालू आहे, मामाच्या फोनवर रात्रीचा पिवळा फिल्टर दिवसाही चालू आहे, आणि पोरांच्या फोनची काच तडकलेली आहे. मग तुझ्या त्या अचूक फाइलचा उपयोग काय?

उपयोग असा. फाइल बरोबर असेल तर प्रत्येक फोन आपापल्या परीने खोटं बोलतो. एक लालसर, एक निळसर, एक भडक. ती खोटी खऱ्याच्या अवतीभवती विखुरतात. फाइलच चुकीची असेल तर सगळे फोन त्या चुकीच्या अवतीभवती विखुरतात. शिवाय आत्याचा फोन दोन-तीन वर्षांत बदलेल. फाइल पन्नास वर्षं राहील अशी आपली अपेक्षा आहे. (जाता जाता: सेटिंगमध्ये डिस्प्ले, त्यात स्क्रीनचे रंग, त्यात ‘नॅचरल’ किंवा ‘ओरिजिनल’ असं काहीतरी असतं. ते लावून दोन दिवस वापरून बघा. पहिला तासभर फोन आजारी वाटेल. मग लक्षात येईल की इतके दिवस टोमॅटो केचपच्या रंगाचे दिसत होते.)

आणि ‘कोन पाह्यते’ हे वऱ्हाडातल्या माणसाने म्हणावं याचं मला विशेष हसू येतं. आपल्याकडे रंगावर पैसे मोडतात आणि लागतात. पावसात भिजलेला पिवळट कापूस आणि पांढरा कापूस यांचा भाव एक असतो का? कवडी कापूस कुणी चांगल्या कापसात मोजतं का? राज्यात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, तेव्हा ग्रेडरने बोंड चिमटीत धरून एक नजर टाकली की वर्षाचा हिशेब ठरायचा. त्या नजरेवरून झालेली भांडणं आमच्या वडिलांच्या पिढीला पाठ आहेत. आज प्रयोगशाळेत कापसाचा रंग यंत्र मोजतं आणि दोन आकडे देतं: एक प्रकाश किती परतवतो त्याचा, दुसरा पिवळेपणा किती त्याचा. हे मोजमाप बसवण्यात डोरोथी निकरसन या अमेरिकन बाईंचा मोठा हात होता. त्या मन्सेल नावाच्या रंगपद्धतीच्या प्रयोगशाळेत तयार झाल्या आणि १९२७ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यात गेल्या.

तीच मन्सेल पद्धत आपल्या पायाखाली आहे. नागपूरला माती सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. मातीचं सर्वेक्षण करणारे लोक खड्डा खणतात, ढेकूळ फोडतात आणि छापील रंगपट्ट्यांच्या पुस्तकाशेजारी धरून बघतात. मग नुसतं ‘काळी माती’ असं न लिहिता १० वायआर ३/१ असं काहीतरी लिहितात. काळ्या जमिनीचा काळेपणा किती, ओली असताना किती, सुकल्यावर किती, याला आकडा आहे. वावरातल्या मातीच्या काळेपणाला आकडा, आणि त्या मातीत राबलेल्या बाईच्या काळेपणाला ‘ऑटो’. हे मला पटत नाही.

आता उपायाकडे येऊ. इथे मला दुसऱ्या टोकाच्या लोकांशी भांडायचंय. यूट्यूबवर रंगजुळणी शिकवणारे बहुतेक लोक पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला घाबरवतात. अमुक मॉनिटर, तमुक मोजयंत्र, खोलीच्या भिंती राखाडी रंगवा, ठरावीक दिवे लावा. ऐकणारा पोरगा बी.एस्सी.ला असतो, खोली भाड्याची असते, भिंती घरमालकाच्या असतात. तो टॅब बंद करतो आणि ‘ऑटो’ दाबतो. या महागड्या उपदेशाने जेवढं नुकसान केलंय तेवढं अज्ञानाने केलेलं नाही.

त्यांच्या भाषेतले दोन शब्द तेवढे घेण्यासारखे आहेत. कॅलिब्रेशन म्हणजे यंत्र एका ठरावीक अवस्थेत आणून ठेवणं. प्रोफाइल म्हणजे त्या अवस्थेतही ते किती आणि कुठे खोटं बोलतं याची नोंद. आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे असायचं, पण बडनेऱ्याची गाडी कधी चुकली नाही, कारण दहा मिनिटं पुढे आहे हे सगळ्यांना माहीत होतं. प्रोफाइल म्हणजे ते माहीत असणं. १९९३ मध्ये ॲडोबी, ॲपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट वगैरे आठ कंपन्यांनी एकत्र येऊन ही नोंद सगळ्या यंत्रांना वाचता येईल अशा एका नमुन्यात लिहायचं ठरवलं, म्हणून आज तुमचा स्वस्त स्कॅनरसुद्धा या खेळात उतरू शकतो. यंत्र चांगलं नसलं तरी चालतं. ते रोज सारखंच चुकलं पाहिजे, एवढीच अट.

सगळ्यात आधी स्कॅनर, कारण मूळ चित्र तिथेच आत येतं. तिथे हरवलेलं पुढे कुणालाही आणता येत नाही.

स्कॅनरसाठी एक कार्ड लागतं. त्याला आयटी८ म्हणतात. कागदी फोटोंसाठीचा प्रकार आयटी८.७/२. फोटोच्याच कागदावर २६४ रंगीत चौकोन आणि खाली २४ पायऱ्यांची राखाडी पट्टी. कार्डाबरोबर एक फाइल येते, तिच्यात त्या छपाईतल्या प्रत्येक चौकोनाचे खरे, मोजलेले आकडे असतात. कार्डाची सगळी किंमत त्या फाइलची आहे. ती नसेल तर हातात फक्त रंगीबेरंगी कागद उरतो. मोठ्या कंपन्यांची कार्डं महाग असतात, पण जर्मनीतला एक छोटा उत्पादक कित्येक वर्षं हीच कार्डं स्वस्तात विकत आलाय. चार मित्रांनी मिळून एक मागवलं तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन महिन्यांच्या रिचार्जएवढे पैसे येतात. कार्ड वापरून संपत नाही. फक्त ते अंधारात, पाकिटात ठेवायचं आणि काही वर्षांनी बदलायचं.

मग स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन जे जे ‘ऑटो’, ‘एनहान्स’, ‘रिस्टोअर’, ‘बॅकलाइट करेक्शन’ असेल ते सगळं बंद करायचं. हे सापडायला कधी कधी अर्धा तास लागतो, कारण कंपन्या हे बटण लपवून ठेवतात. स्कॅनर थोडा वेळ चालू ठेवून तापू द्यायचा, काच पुसायची, कार्ड ठेवायचं, आणि प्रत्येक रंगाला १६ बिट मिळतील अशा सेटिंगवर टिफ फाइलमध्ये स्कॅन करायचं. ही फाइल आणि आकड्यांची फाइल आर्गिल सीएमएस नावाच्या सॉफ्टवेअरला द्यायची. ग्रॅम गिल या ऑस्ट्रेलियन माणसाने ते लिहिलंय, फुकट आहे, मुक्त आहे आणि दिसायला भयानक आहे: खिडकी नाही, बटण नाही, काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायच्या. पण स्कॅनरसाठी दोनच आज्ञा पुरतात. एक स्कॅनमधले चौकोन वाचते, दुसरी खऱ्या आकड्यांशी ताडून प्रोफाइल बनवते. गेम चालवायला फोन रूट करणाऱ्या पिढीला हे अवघड जाईल असं मला कुणी सांगू नये. त्यानंतरचे सगळे फोटो त्याच सेटिंगवर स्कॅन करायचे, गिंपसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये त्यांना ही प्रोफाइल जोडायची आणि मग एसआरजीबीत बदलून ग्रुपवर टाकायचे. एसआरजीबी हे १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने ठरवलेलं सर्वसाधारण रंगांचं अंगण आहे. फोन, वेब आणि फोटो लॅब बहुतेक तेच गृहीत धरतात.

याच्याही मर्यादा आहेत. प्रिंटर-स्कॅनर एकत्र असलेल्या स्वस्त यंत्रांत लाल-हिरव्या-निळ्या एलईडीने चित्र वाचतात आणि त्यांची नजर काचेपासून फार लांब पोचत नाही, त्यामुळे वाकलेला किंवा फ्रेममध्ये चिकटलेला फोटो धूसर येतो. आणि फोटोच्या कागदावरच्या कार्डाने बनवलेली प्रोफाइल फोटोंसाठीच खरी असते; लग्नपत्रिका, पोथी, जलरंगातलं चित्र यांची शाई वेगळी, त्यामुळे तिथे ती थोडी घसरते.

कार्ड येईपर्यंत थांबायचं नसेल तर प्लंबर नळाच्या आट्यांवर गुंडाळतो ती पांढरी टेफ्लॉन टेप आणा. दहा-बारा पदर एकावर एक, फोटोशेजारी ठेवून स्कॅन करा. ती टेप खऱ्या अर्थाने पांढरी असते, म्हणजे सगळे रंग जवळजवळ सारखेच परतवते. त्यावरून निदान पांढऱ्याचा तोल साधता येतो. बाकीचे रंग कळत नाहीत. झेरॉक्सचा ए-फोर कागद मात्र यासाठी वापरू नका. तो पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घातलेली असतात, ती अतिनील प्रकाश खाऊन निळा ओकतात. उजाला टाकलेल्या धोतराचा प्रकार आहे तो.

“स्कॅनर कुठं आहे आमच्याकडे, फोननेच काढतो,” असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की डॉक्युमेंट स्कॅन करायची ॲप तरी यासाठी वापरू नका. कागद पांढराफेक करणं हेच त्यांचं काम. ती फोटोतली भिंत, लुगडं आणि माणूस या सगळ्यांना कागद समजतात. कॅमेऱ्याच्या ‘प्रो’ मोडमध्ये रॉ फाइल, खिडकीजवळची सावली, शेजारी ती टेप. एवढं करा.

मॉनिटरची गोष्ट वेगळी. डोळा दोन रंग शेजारी ठेवून तुलना करण्यात पटाईत असतो. एकटा रंग ओळखण्यात मात्र पार आंधळा. पिवळ्या बल्बखाली पाच मिनिटं बसलात की पिवळा कागद पांढरा दिसू लागतो. म्हणून स्क्रीनकडे बघून ‘मला तर बरोबर वाटतंय’ असं म्हणण्याला काडीची किंमत नाही. पण तुलना करता येते ना, तिचा फायदा घ्या. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा, रात्रीचा फिल्टर आणि आपोआप बदलणारा कॉन्ट्रास्ट बंद करा, मेनूत एसआरजीबी किंवा ६५०० के असेल ते निवडा. पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरा आणि स्क्रीनचा पांढरा त्याच्याइतकाच उजळ होईपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. बहुतेकांचा ब्राइटनेस दुप्पट जास्त असतो, म्हणूनच ‘स्क्रीनवर छान होतं, प्रिंट अंधारी आली’ ही तक्रार जन्मते. मग एक चौकोन बनवा: अर्ध्या भागात एक ओळ काळी, एक पांढरी अशा बारीक रेघा, आणि अर्ध्यात सपाट राखाडी, ० ते २५५ मध्ये १८६ च्या आसपास. झूम शंभर टक्के. लांबून डोळे किलकिले करून बघा. दोन्ही भाग एकजीव दिसले तर गॅमा २.२ च्या जवळ आहे, म्हणजे मधल्या छटा जागेवर आहेत. माझ्या आजीसारख्या चेहऱ्याचं सगळं आयुष्य याच मधल्या-खालच्या छटांत असतं, म्हणून ही एक तपासणी तरी कराच.

यातून छटा जमतात, रंग पूर्ण जमत नाही. त्यासाठी स्क्रीनला चिकटवायचं मोजयंत्र लागतं आणि ते कित्येक हजारांचं असतं. इथे मी त्या महागड्या उपदेशकांच्या बाजूने एक पाऊल टाकतो: ते घ्यावंच. पण एकट्याने घेऊ नये. ते महिन्यातून एकदा दहा मिनिटं लागतं, बाकी दिवस कपाटात पडून राहतं. अमरावतीत फोटोग्राफीचं काम करणारी किती पोरं आहेत, कॉलेजांत छायाचित्रणाचे किती वर्ग आहेत. गणपतीची वर्गणी जमते, मोजयंत्राची जमत नाही?

प्रिंटरवर मी फार शाई खर्च करणार नाही. प्रोफाइल प्रिंटरची नसते. प्रिंटर, शाई, कागद आणि सेटिंग या चौघांची मिळून असते. यातला एक बदलला की ती रद्दी झाली. टाकीच्या प्रिंटरमध्ये या महिन्यात एक शाई, पुढच्या महिन्यात जी स्वस्त मिळेल ती, असं करणाऱ्याने रंगाबद्दल तक्रार करू नये. एक शाई, एक कागद धरून बसा. आर्गिलने बनवलेली चौकोनांची पाटी छापा, एक दिवस वाळू द्या, आणि आत्ताच प्रोफाइल केलेल्या स्कॅनरवर ती वाचा. स्कॅनर हे काही खरं मोजयंत्र नाही, त्यामुळे निकाल व्यावसायिक दर्जाचा येत नाही. पण अंदाजापेक्षा कितीतरी बरा येतो. प्रिंट बघायची खिडकीपाशी. स्वस्त एलईडीच्या उजेडात दोन सारखे रंग वेगळे आणि दोन वेगळे रंग सारखे दिसू शकतात, आणि मग नवरा-बायकोत भांडण लागतं की लुगडं जांभळं होतं की मोरपंखी.

एक आक्षेप उरतो आणि तो मला सगळ्यात जास्त छळतो. मूळ फोटोच उडालेला असेल तर? १९७०-८० च्या काळातल्या कलर प्रिंटमधला सायन रंग बंद अल्बमच्या अंधारातही हळूहळू नाहीसा होतो, म्हणून त्या काळातली सगळी लग्नं आज लालसर दिसतात. मग अचूक स्कॅन म्हणजे त्या लालसरपणाचीच अचूक नक्कल. त्यात आजीचा रंग कुठे आहे? कृष्णधवल फोटोंत तर आणखी पेच. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे आपल्याकडचे चेहरे होते त्याहून काळे उमटायचे. म्हणजे कॅमेरा दोन्ही बाजूंना खोटं बोललेला आहे.

मान्य. रंगजुळणी तुम्हाला आजीचा रंग देत नाही. ती फक्त आज त्या कागदावर काय आहे ते देते. पण त्याच्यापुढे जायचं असेल तर पाय ठेवायला तीच एक पक्की जागा आहे. उडालेला सायन परत भरता येतो, भरावाही. मात्र ती वेगळी फाइल, तिच्या नावात ‘दुरुस्त’ असा शब्द, आणि मूळ स्कॅन शेजारी, हात न लावलेलं. घरात तिला पाहिलेलं कुणी हयात असेल तर त्याला जुळवलेल्या स्क्रीनसमोर बसवा आणि विचारा, “एवढी होती का?” आमच्या आत्याने माउस माझ्या हातातून घेतला आणि पट्टी आणखी डावीकडे, काळ्याकडे नेली. हा पुरावा कुठल्याही ॲपमध्ये नाही. कृष्णधवल फोटोला एआयने रंग चढवून लुगडं निळं करणं ही मात्र दुरुस्ती नाही, कल्पित कथा आहे. हौसेने करा, तिच्यावर तसं लिहा.

पूर्वीच्या स्टुडिओतही ब्रशने गालांवर गुलाबी लावत, मग आजच्यावर एवढा राग का, असंही मला विचारतात. ब्रशचा रंग होता हे त्या काळात बघणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. आणि रंगाखाली मूळ फोटो तसाच असायचा, निगेटिव्ह स्टुडिओत असायची. आजची ‘एनहान्स’ केलेली फाइल मूळ फाइलच्या जागी जाऊन बसते, आणि कागदी प्रिंट दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीवाल्याकडे जाते.

संग्रहालयं पोथीचं पान स्कॅन करताना शेजारी रंगपट्टी ठेवतात आणि ती कापून टाकत नाहीत. पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली तर त्या पट्टीवरून त्याला पुन्हा हिशेब मांडता यावा, म्हणून. घरच्या अल्बमसाठी हे करायला कोण अडवतं? प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात एक आयटी८ कार्ड आणि एक जुना फ्लॅटबेड स्कॅनर ठेवायचा खर्च एका फ्लेक्सच्या आसपास येतो. वाढदिवसाच्या, त्यातही चेहरा गोरा केलेल्या फ्लेक्सच्या.

हे काम हिवाळ्यात सुरू करावं असं मी ज्याला त्याला सांगतो. उष्णतेने प्रिंटमधले रंग आणखी वेगाने उडतात, आणि अकोल्या-अमरावतीचा मे महिना पंचेचाळिशीला टेकतो. पत्र्याखालच्या खोलीत, लोखंडी पेटीत, प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये ठेवलेले फोटो त्यात काय भोगत असतील ते ती पेटी उघडल्यावर वासावरूनच कळतं. आमच्याकडची पेटी मी फेब्रुवारीतच खाली, मधल्या खोलीत आणून ठेवलीये. तिच्यात दोनशे अकरा फोटो निघाले. आतापर्यंत सदुसष्ट झालेत.